अजिंक्यपदांची संख्या आणि क्वार्टरबॅकची थोरवी

अमेरिकी फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमणाची सूत्रे सांभाळणारा आणि चेंडू फेकणारा खेळाडू, किती मोठा, हे त्याने किती सुपर बोल, म्हणजे हंगामाचे अंतिम सामने, जिंकले यावरून ठरवण्याची जुनी रीत आहे. विजेत्या संघातल्या खेळाडूंना अंगठी मिळते, म्हणून वाद सुरू झाला की पहिला प्रश्न येतो तो ‘त्याच्याकडे अंगठ्या किती?’ हाच. टॉम ब्रेडीकडे 7, जो मोंटाना आणि टेरी ब्रॅडशॉ यांच्याकडे प्रत्येकी 4, डॅन मरिनोकडे एकही नाही. हे माप सोपे आहे, पण न्याय्य नाही. त्यात एका माणसाच्या नावावर अख्ख्या संघाची कमाई मांडली जाते.

एनएफएल या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगच्या संघात 53 खेळाडू असतात आणि एका वेळी 11 जण मैदानात उतरतात. चेंडू आपल्या संघाकडे असेल तोवरच क्वार्टरबॅक खेळतो. तो प्रतिस्पर्ध्याकडे गेला की बचावफळी आत जाते आणि क्वार्टरबॅक कडेला उभा राहून बघतो. गोलखांबांमधून चेंडू मारून 3 गुण मिळवून देणारा किकरही वेगळाच असतो. तरीही आक्रमणाच्या जवळजवळ प्रत्येक चालीत चेंडू आधी क्वार्टरबॅकच्या हाती येतो, त्यामुळे जय-पराजय त्याच्या खात्यावर लिहायची सवय पडली आहे.

या हिशेबातली खोट दोन किकमधून स्पष्ट दिसते. 27 जानेवारी 1991 रोजी बफेलो बिल्सचा जिम केली शेवटच्या सव्वादोन मिनिटांत, स्वतःच्या 10 यार्डांच्या रेषेपासून, म्हणजे मैदानाच्या आपल्याच टोकाजवळून, संघाला पुढे घेऊन आला. 8 सेकंद उरले होते. स्कॉट नॉरवूडची 47 यार्डांची किक उजवीकडून बाहेर गेली आणि प्रतिस्पर्धी जायंट्स 20-19 असे जिंकले. 3 फेब्रुवारी 2002 रोजी ब्रेडीनेही तेच केले. हाताशी दीड मिनिटही नव्हते, तरी स्वतःच्या 17 यार्डांच्या रेषेवरून त्याने संघाला किकच्या टप्प्यात आणले. ॲडम विनाटिएरीची 48 यार्डांची किक खांबांमधून गेली आणि ब्रेडीचा संघ पेट्रियट्स 20-17 असा जिंकला. दोन्ही क्वार्टरबॅकनी आपले काम चोख बजावले होते. किक हवेत असताना दोघांच्याही हातात काहीच नव्हते. ब्रेडीच्या कीर्तीचा पाया त्या रात्री घातला गेला. केलीचा संघ पुढचे 3 सुपर बोलही हरला आणि त्याच्या नावाला पराभवाचा शिक्का कायमचा चिकटला. केलीवर हा अन्यायच झाला.

खुद्द ब्रेडीची कारकीर्दही हेच सांगते. फेब्रुवारी 2018 मध्ये ईगल्सविरुद्ध त्याने फेकींतून 505 यार्ड मिळवले, 3 टचडाऊन (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे नेऊन मिळणारे 6 गुण) फेकले, एकही इंटरसेप्शन, म्हणजे प्रतिस्पर्ध्याने फेक झेलणे, होऊ दिले नाही. अखेरीस एकदा चेंडू त्याच्या हातून सुटला हे खरे, पण त्याच्या बचावफळीने 41 गुण दिले होते. सामना ईगल्सनी 41-33 असा जिंकला. पुढच्याच वर्षी रॅम्सविरुद्ध त्याला एकही टचडाऊन फेकता आला नाही, उलट एक इंटरसेप्शन झाले. बचावफळीने रॅम्सना 3 गुणांवर रोखले आणि पेट्रियट्स 13-3 असे जिंकले. अंगठी मिळाली ती या दुसऱ्या सामन्याची.

ट्रेंट डिल्फरचे उदाहरण तर सर्वांच्या तोंडी असते. 2000 च्या हंगामात बाल्टिमोर रेव्हन्सच्या बचावफळीने 16 सामन्यांत अवघे 165 गुण दिले. अंतिम सामन्यात डिल्फरच्या 25 पैकी 12 फेकी जमल्या, आणि रेव्हन्स 34-7 असे जिंकले. पुढच्या हंगामासाठी त्याच संघाने त्याला ठेवले नाही. मरिनोने 1984 मध्ये 5,084 यार्ड आणि 48 टचडाऊन अशी तोवर कोणी न पाहिलेली कामगिरी केली, पण त्या हंगामाचा सुपर बोल तो हरला आणि नंतर त्याला तिथवर पोहोचता आले नाही.

नियमांचाही वाटा असतो. जानेवारी 2022 मध्ये बफेलोचा क्वार्टरबॅक जॉश ॲलनने कॅन्सस सिटीविरुद्ध 4 टचडाऊन फेकले. जादा वेळेत नाणेफेक प्रतिस्पर्ध्यांनी जिंकली, त्यांनी पहिल्याच आक्रमणात टचडाऊन केला, तेव्हाच्या नियमाप्रमाणे सामना तिथेच संपला आणि ॲलनच्या हाती चेंडू आलाच नाही. त्यानंतर मार्च 2022 मध्येच बाद फेरीसाठी नियम बदलून दोन्ही संघांना संधी देण्यात आली.

पण म्हणून अंगठ्या निरर्थक ठरत नाहीत. जानेवारी 1989 मध्ये बेंगल्सविरुद्ध मोंटाना 3 गुणांनी मागे होता आणि चेंडू स्वतःच्या 8 यार्डांच्या रेषेवर होता. तिथून 92 यार्ड कापत, 34 सेकंद उरले असताना त्याने जॉन टेलरला विजयी टचडाऊन दिला. तिथे विजय आणि क्वार्टरबॅकचे कर्तृत्व वेगळे काढता येत नाही. त्याची 4 अंतिम सामन्यांतली बेरीजही 11 टचडाऊन, शून्य इंटरसेप्शन अशी आहे. मात्र अंगठ्यांच्या आकड्यात हे काहीच दिसत नाही. सामना चाल-चाल करून पाहावा लागतो.

ओहायोतल्या कँटनमधील हॉल ऑफ फेम, म्हणजे या खेळातल्या थोरांच्या सन्मानदालनाच्या निवडीतही अंगठ्यांना शेवटचा शब्द मिळालेला नाही. मरिनो, केली आणि एकाही सुपर बोलमध्ये न खेळलेला डॅन फाउट्स तिथे आहेत. रेडर्सना 2 सुपर बोल जिंकून देणारा जिम प्लंकेट निवृत्तीनंतर दशके उलटली तरी त्या दाराबाहेरच राहिला.