ॲब्लेशनपूर्व जोखीम-विचार

हृदयाची लय बिघडवणारी जागा कॅथेटरने, म्हणजे बारीक नळीने, जाळून, गोठवून किंवा विद्युत्-स्पंदांनी निकामी करण्याच्या उपचाराला ॲब्लेशन म्हणतात. तो करून घेण्याआधी लाभ किती, धोका किती आणि न केल्यास काय, याचा रुग्ण व डॉक्टर मिळून जो हिशोब मांडतात त्याची ही नोंद आहे. जांघेतील शिरेतून नळ्या हृदयापर्यंत नेतात, छाती उघडावी लागत नाही आणि बहुतेक रुग्ण एक-दोन दिवसांत घरी जातात. त्यामुळे ‘छोटीशी प्रोसिजर’ हा शब्द सर्रास कानावर पडतो. मात्र टाके छोटे असले तरी काम हृदयाच्या आत चाललेले असते.

छाती न उघडता कॅथेटरमधून ॲब्लेशन करण्याची सुरुवात १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला सॅन फ्रान्सिस्को येथे मेल्विन शाइनमन यांनी केली. तेव्हा त्यासाठी थेट डीसी शॉक वापरत. त्याच दशकाच्या अखेरीस रेडिओफ्रिक्वेन्सी ऊर्जा आली आणि हृदयाच्या भिंतीला होणारी इजा बरीच आटोक्यात आली.

हिशोबाची सुरुवात ‘लय कोणती’ या प्रश्नापासून होते. अलिंद (हृदयाचे वरचे कप्पे) आणि निलय (खालचे कप्पे) यांमधल्या विद्युत्-गाठीजवळ दोन वाटा असल्याने अचानक सुरू होणारी आणि अचानक थांबणारी धडधड असेल, तर एका ॲब्लेशनने ती शंभरातील पंचाण्णवांहून अधिक जणांची कायमची जाते. त्यातला मुख्य धोका म्हणजे गाठीलाच इजा होऊन पेसमेकर बसवावा लागणे. त्याचे प्रमाण साधारण एक टक्का किंवा त्याहून कमी आहे. वुल्फ-पार्किन्सन-व्हाइट विकारात जन्मतःच जास्तीची विद्युत्-वाट असते. तिच्यातून क्वचित जिवावर बेतणारी अतिवेगवान लय येऊ शकते, म्हणून तिथे न करण्याचा धोकाही तराजूत घालावा लागतो. अनेक तरुण रुग्णांच्या बाबतीत तोच पारडे झुकवतो.

खरी ओढाताण एट्रियल फिब्रिलेशनमध्ये, म्हणजे अलिंद अनियमित थरथरण्याच्या ‘एएफ’ या विकारात होते. या विकाराची सुरुवात करणारे बहुतेक ठिणगीठोके डाव्या अलिंदात उघडणाऱ्या फुप्फुस-शिरांतून निघतात, हे मिशेल हाइसाग्वेर आणि सहकाऱ्यांनी बोर्डो येथून १९९८ मध्ये दाखवले. या शिरांच्या तोंडाभोवती व्रणाचे कडे करून त्या अलिंदापासून विद्युत्-दृष्ट्या तोडणे हाच आज एएफच्या ॲब्लेशनचा गाभा आहे. पण हे कडे कधी कधी फटी टाकते. अधूनमधून येणाऱ्या एएफवरील ॲडव्हेंट चाचणीत (६०७ रुग्ण, २०२३) एका वर्षानंतर यश टिकलेले रुग्ण विद्युत्-स्पंदांच्या नव्या पद्धतीत ७३.३ टक्के आणि जाळण्या-गोठवण्याच्या जुन्या पद्धतींत ७१.३ टक्के होते. म्हणजे निष्णात हातांतही चारांतील एकाला निराशा येऊ शकते. एएफ सतत राहू लागला असेल तर आकडे आणखी उतरतात, आणि दुसऱ्यांदा ॲब्लेशन करावे लागले तर धोकाही दुसऱ्यांदा पत्करावा लागतो.

मग मिळते काय? दहा देशांतील २,२०४ रुग्णांच्या कबाना चाचणीत (२०१९) मृत्यू, अपंग करणारा पक्षाघात, गंभीर रक्तस्राव किंवा हृदय थांबणे यांपैकी काहीतरी घडलेले रुग्ण ॲब्लेशन-गटात ८ टक्के व औषध-गटात ९.२ टक्के होते. हा फरक संख्याशास्त्रीय कसोटीवर टिकला नाही. औषध-गटातील चौथ्या हिश्श्याहून अधिक लोकांनी पुढे ॲब्लेशनच करून घेतल्याने या निकालावर अजून वाद आहे. धडधड, दम, थकवा मात्र ॲब्लेशनने स्पष्टपणे कमी झाला. ही सुधारणा निव्वळ मनाची समजूत नाही, हे इंग्लंडमधील १२६ रुग्णांच्या चाचणीने २०२४ मध्ये दाखवले. तीत निम्म्या लोकांवर खोटी प्रोसिजर झाली होती, आणि तरीही खऱ्या ॲब्लेशनचा फायदा उठून दिसला. हृदयाची पंपशक्ती घटलेल्यांची गोष्ट निराळी आहे. कॅसल-एएफ चाचणीत (२०१८) मृत्यू किंवा हृदयविफलतेसाठी पुन्हा भरती होण्याचे प्रमाण औषध-गटात ४४.६ टक्के, तर ॲब्लेशन-गटात २८.५ टक्के होते. थोडक्यात, पंपशक्ती चांगली असलेल्या आणि एएफचा फारसा त्रास न जाणवणाऱ्या माणसाच्या पदरात पडण्यासारखे थोडे असते. ईसीजी सुंदर दिसावा म्हणून हृदयात व्रण करून घेऊ नयेत.

आता धोके. सर्वांत नेहमीचा म्हणजे जांघेत रक्त साकळणे किंवा रक्तवाहिनीला इजा होणे; तो त्रासदायक असला तरी बहुधा निभावतो. अलिंदाची भिंत भेदली जाऊन हृदयावरणात रक्त साठणे, ज्याला टॅम्पोनाड म्हणतात, ते कॅथ लॅबमध्येच (जिथे ॲब्लेशन चालते त्या खोलीत) तातडीने सुई घालून काढावे लागते. गुठळी मेंदूत गेल्यास पक्षाघात येतो, म्हणून आधी अन्ननलिकेतून इको किंवा सीटी करून अलिंदाच्या कप्प्यात गुठळी नाही ना, हे पाहतात. गोठवण्याच्या पद्धतीत श्वासपटलाची नस बधिर होऊ शकते. फायर अँड आइस चाचणीत (२०१६) हे २.७ टक्के रुग्णांत दिसले, पण बहुतेकांची नस पुढे सावरली.

सगळ्यांत भयंकर धोका सर्वांत दुर्मीळ आहे. डाव्या अलिंदाच्या पाठीला अन्ननलिका टेकलेली असते. उष्णतेने तिला जखम झाली तर दोन्हींमध्ये भोक पडते. पॉटर-एएफ या २०२३ च्या पाहणीत साडेपाच लाखांहून अधिक प्रोसिजरमागे असे १३८ रुग्ण सापडले, म्हणजे ०.०२५ टक्के. त्यांपैकी जवळजवळ दोन-तृतीयांश दगावले. लक्षणे सरासरी अठराव्या दिवसाच्या आसपास दिसली आणि काहींत दोन महिन्यांपर्यंत लांबली. त्या वेळी रुग्ण घरी असतो, आणि ताप, गिळताना दुखणे, छातीत दुखणे किंवा एकाएकी बोबडी वळणे घेऊन तो गल्लीतल्या डॉक्टरकडे जातो. तिथे अन्ननलिकेत दुर्बीण घातली तर हवा हृदयात शिरून मेंदूपर्यंत जाऊ शकते. तपासणी छातीच्या सीटीने करायची असते. शस्त्रक्रिया झालेल्यांचे जगण्याचे प्रमाण न झालेल्यांपेक्षा कितीतरी चांगले होते.

भारतीय कायद्याचा संबंध इथे येतो. समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये खरी संमती म्हणजे काय ते सांगितले. उपचाराचे स्वरूप, पर्याय, मोठे धोके आणि उपचार न घेतल्याचे परिणाम डॉक्टरने समजावलेच पाहिजेत. दूरचे किंवा केवळ तात्त्विक धोके सांगितले नाहीत तरी चालेल. अन्ननलिकेचा धोका आकड्याने दूरचाच आहे. पण तो वेळेत ओळखण्याचे काम रुग्णाच्या घरच्यांवर पडते, म्हणून तो न सांगणे कायद्यात बसले तरी व्यवहारात परवडणारे नाही.

२०२३ च्या अखेरीस अमेरिकेत मान्यता मिळालेल्या स्पंद-क्षेत्र, म्हणजे विद्युत्-स्पंदांच्या, पद्धतीने हे चित्र बदलत आहे. तीत उष्णतेऐवजी अत्यल्प काळाचे विद्युत्-स्पंद पेशींना छिद्रे पाडतात आणि अन्ननलिका बरीच सुरक्षित राहते. १७,६४२ रुग्णांच्या नोंदीत अन्ननलिकेची एकही गुंतागुंत आढळली नाही. मोठ्या गुंतागुंती सुमारे एक टक्का होत्या: टॅम्पोनाड ०.३६ टक्के, पक्षाघात ०.१२, मृत्यू ०.०३. हृदयधमनी आकसणे आणि तांबड्या पेशी फुटून मूत्रपिंडावर ताण येणे हे तिचे स्वतःचे धोके आहेत.

हे आकडे अनुभवी केंद्रांचे आहेत. अमेरिकेतील २००० ते २०१० मधील सुमारे ९३,८०० ॲब्लेशनांत गुंतागुंतीचे प्रमाण ६.२९ टक्के होते, आणि वर्षाला पंचवीसहून कमी ॲब्लेशन करणाऱ्यांच्या हातून ती जास्त झाली. ‘तुम्ही वर्षाला किती करता आणि तुमच्याकडे टॅम्पोनाड किती झाले’ हे विचारायला आपल्याकडे लोक संकोचतात. खर्चाचे कोटेशन मागताना मात्र तसे होत नाही.

एक गैरसमज फार पसरलेला आहे: एएफचे ॲब्लेशन झाले की रक्त पातळ करणारी गोळी सुटते. निदान दोन महिने ती सर्वांनाच घ्यावी लागते. पुढे ती चालू ठेवायची की नाही हे वय, मधुमेह, रक्तदाब, पूर्वीचा पक्षाघात यांवर ठरते, लय सुधारली की नाही यावर नाही. गोळीला कंटाळून ॲब्लेशनकडे वळणाऱ्याचा हिशोब इथेच चुकतो. भारतात संधिवाती तापाने आकसलेल्या मायट्रल झडपेमुळे होणारा एएफही पुष्कळ आहे. तिथे आधी झडपेचा विचार करावा लागतो आणि वॉरफॅरिन किंवा ॲसिनोकुमारॉल ही रक्त पातळ करणारी जुनी गोळी टाळता येत नाही. २०२२ च्या इन्व्हिक्टस चाचणीत नव्या गोळ्यांपैकी रिव्हॅरोक्साबान अशा रुग्णांत कमी पडले.

थांबणे हाही एक पर्याय आहे. ॲडलेडच्या लेगसी पाहणीत (२०१५) वजन दहा टक्के किंवा अधिक उतरवून ते टिकवणाऱ्या स्थूल रुग्णांत एएफमुक्त राहण्याची शक्यता सुमारे सहापट झाली. घोरण्यासह झोपेत श्वास अडकणे, रक्तदाब आणि मद्यपान यांवर केलेले कामही कॅथेटरला मदतच करते. पण थांबण्यालाही किंमत आहे: अधूनमधून येणारा एएफ वर्षानुवर्षे चालू दिला तर अलिंद फुगते, तो ठाण मांडतो, आणि नंतर केलेल्या ॲब्लेशनचे यश कमी होते. म्हणून वजनासाठी थांबायचे तर काही महिन्यांची मुदत घालून, मधल्या काळात होल्टर (दिवसभर ईसीजी नोंदवणारे छोटे यंत्र) लावून थांबतात.