विश्रामबागेकडचं ‘कॉन्व्हेंट’: पार्श्वभूमी

आरटीईचे, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यातल्या २५ टक्के राखीव जागांचे, फॉर्म सुटले की सांगलीत दरवर्षी एक प्रश्न निघतो. विश्रामबागेकडच्या कॉन्व्हेंटचं नाव यादीत का नाही? सायबर कॅफेवाला सांगतो, ‘ते मायनॉरिटीत आहेत’ (म्हणजे अल्पसंख्याक संस्थेची शाळा), आणि पुढच्या माणसाचा फॉर्म घेतो.

जुना काळ थोडक्यात. पुणे धर्मप्रांत, म्हणजे कॅथलिक चर्चचा विभाग, १८८६ सालचा. सातारा-सांगली त्याच्याच कक्षेत. पाचगणीला धर्मभगिनींनी (नन) १८९५ साली शाळा काढली, पण ती ऐपतवाल्यांच्या आणि वसतिगृहात राहणाऱ्या मुलींची. सांगलीकरांना ख्रिस्ती म्हटलं की मिरज आठवायची. तिथलं अमेरिकन मिशन प्रॉटेस्टंट, १८९४ सालच्या दवाखान्यामुळे नाव झालेलं. कॅथलिक कुटुंबं या भागात थोडी, तीही बहुतेक नोकरीच्या निमित्ताने आलेली. सांगलीतलं शिक्षण मात्र आधीच गावाबाहेर सरकलं होतं. विश्रामबागेत १९१९ साली कॉलेज निघालं आणि १९४७ साली इंजिनिअरिंगचं. भोवती प्राध्यापक, बँकवाले, डॉक्टर यांचे बंगले उठले. इंग्रजी शाळेला लागणारं गिऱ्हाईक असं दाराशी तयार होतं.

आता त्या शब्दाकडे येऊ, कारण निम्मा घोळ तिथेच आहे. कॉन्व्हेंट म्हणजे धर्मभगिनींचं राहण्याचं घर. शाळा त्या घराला लागून असायची, म्हणून तीही कॉन्व्हेंट. इथवर ठीक. पुढे मराठी माणसाने हा शब्द इंग्रजी माध्यमाला चिकटवला. मग टाय आला, तोही कॉन्व्हेंट. वाड्याच्या पडवीत भरणारी बालवाडी, तीही कॉन्व्हेंट. गुढीपाडव्याला नारळ फोडून, सत्यनारायण घालून सुरू झालेली ‘कॉन्व्हेंट’ मी स्वतः पाहिली आहेत. मिरजेकडची माणसं ‘मिशनची शाळा’ आणि ‘कॉन्व्हेंट’ एकाच अर्थाने बोलतात. प्रॉटेस्टंट आणि कॅथलिक या दोन पंथांचं आपसात किती कमी जमत आलं, याच्याशी कुणाला देणंघेणं नाही. लग्नाच्या स्थळात ‘मुलगी कॉन्व्हेंटची’ असं लिहितात, तेव्हा धर्माचा संबंध शून्य असतो. आणि कायद्यापुढे प्रश्न येतो, तेव्हा नेमका तोच एक संबंध उरतो.

इंग्रजी शाळेची ही ओढ कशाची होती, हे आज लक्षात येत नाही. राज्यात पहिलीपासून इंग्रजी आलं २००० साली. त्याआधी मराठी शाळेतली मुलं पाचवीत एबीसीडी गिरवायची. सेमी-इंग्रजीचं पीक नंतरचं. दहावीला मात्र बोर्ड एकच, कोल्हापूर विभाग. मराठीचा पेपर कॉन्व्हेंटच्या मुलांनाही होताच. त्यामुळे २०२० साली मराठी सक्तीचा कायदा आला, तेव्हा या शाळेत फारसं काही हललं नाही.

आतलं जग वेगळं होतं, हे खरं. मराठी शाळेतल्या ‘बाई’ इथे ‘टीचर’ आणि झग्यातल्या त्या ‘सिस्टर’. ख्रिस्ती मुलं वर्गात हाताच्या बोटांवर मोजावीत इतकी. ती धर्मशिक्षणाला उठून गेली की उरलेल्या साऱ्या वर्गाला मॉरल सायन्स. टेबलावर बोर्नव्हिटाचा डबा असायचा, झाकणाला चीर पाडलेला. मराठी बोललं की आठ आणे दंड. एकदा कबड्डीत गुडघा फुटलेल्या मुलाने ‘आई गं’ म्हटलं. हे मराठी बोलणं धरायचं की नाही, यावर मॉनिटरांची चांगली मधली सुट्टीभर चर्चा झाली. शेवटी चार आण्यांवर तोडगा निघाला.

श्रावणात मेंदीचा वाद ठरलेला. शिराळा आपल्याच जिल्ह्यातलं, नागपंचमी काय साधीसुधी! हातभर मेंदी काढून पोरी यायच्या आणि गेटपासून मुठी आवळून चालायच्या. सकाळच्या प्रार्थनेला हात जोडले की मेंदी आपोआप झाकली जायची. पकडापकडी व्हायची ती नंतर, वही पुढे करताना. पालक चिडून यायचे, आणि पुढच्या वर्षी धाकटीचाही प्रवेश तिथेच घ्यायचे. दंड, मेंदी, बांगड्या, सगळं शाळेच्या शिस्तीच्या नावावर खपत होतं, कारण तीच शिस्त आपल्याला विकत हवी होती.

खरा तिढा २५ टक्के जागांचा. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. खासगी विनाअनुदानित शाळांनी पहिल्या वर्गातल्या निदान एक चतुर्थांश जागा दुर्बल आणि वंचित घटकांना द्यायच्या. पण राज्यघटनेचं कलम ३० अल्पसंख्याकांना आपल्या संस्था काढण्याचा आणि चालवण्याचा हक्क देतं. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने विनाअनुदानित अल्पसंख्याक शाळा वगळल्या. २०१४ साली पाच न्यायमूर्तींच्या पीठाने अनुदानित अल्पसंख्याक शाळाही वगळल्या आणि कायदाच त्यांना लागू नाही असं म्हटलं. संस्थेचं स्वरूप टिकावं, हा त्यामागचा तर्क. तो मला कळतो. पण ज्या वर्गात त्या धर्माची चार मुलं आणि बाकी सगळी डॉक्टर-वकिलांची, तिथे वस्तीतलं एक पोर आल्याने स्वरूप नेमकं कुठे बिघडतं, हे कळत नाही. सिस्टर काही गरीब मुलांची फी परस्पर माफ करतात, हेही सांगायला हवं. पण तो त्यांचा दयाभाव झाला, मुलाचा हक्क नव्हे.

सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्याच दोन न्यायमूर्तींनी २०१४ च्या निकालाबद्दल शंका नोंदवली आणि प्रश्न मोठ्या पीठाकडे जावा म्हणून सरन्यायाधीशांकडे पाठवला. महाराष्ट्रातून गेलेली प्रकरणंही त्यात होती. आमच्याकडे धुणंभांड्याला येणाऱ्या मावशी कुपवाडहून येतात. नातीसाठी त्यांनी यंदा दहा शाळा भरल्या. अकरावी शाळा म्हणून कॉन्व्हेंट भरता येईल का, असं विचारत होत्या.