शेटचं पिस्तूल आणि नारळाचा हिशेब

फोंड्याचे एक सराफ, आम्ही त्यांना नुसतं शेट म्हणतो, गेल्या पावसाळ्यात माझ्याकडे आले ते एक तक्रार घेऊन. दुकानासाठी म्हणून त्यांनी परवाना काढून बत्तीस बोअरचं, म्हणजे नळीचं भोक साधारण ०.३२ इंचाचं, एक छोटं पिस्तूल घेतलेलं आहे. रेंजवर जाऊन अधूनमधून सराव करतात. "मास्तर, ह्याला जरा मऊ काडतुसं नाही का मिळत? सरावापुरती. दहा गोळ्या झाडल्या की अंगठ्याच्या मुळाशी ठणका लागतो, मग दोन दिवस तराजू धरवत नाही."

मी शाळेत भौतिकशास्त्र शिकवतो आणि हौसेपुरती नेमबाजी करतो. एवढ्या भांडवलावर उत्तर देणं भाग होतं.

काडतूस मऊ म्हणजे नेमकं काय, हे गोव्यात होडीवरून चटकन कळतं. लहान होडीतून काठावर उडी मारली की होडी मागे सरकते आणि नवखा माणूस हमखास पाण्यात पडतो. तीच उडी रायबंदर-चोडणच्या फेरीबोटीवरून मारा, बोटीला पत्ताही लागत नाही. उडी तीच, रेटा तोच. मागे जाणारं किती जड आहे, एवढाच फरक. गोळी पुढे जाताना जेवढा संवेग घेऊन जाते तेवढाच पिस्तुलाला मागच्या बाजूला मिळतो. संवेग म्हणजे वस्तुमान गुणिले वेग. शाळेत हा नियम बंदुकीच्याच उदाहरणाने शिकवतात, आणि परीक्षा झाली की मुलं तो शाळेतच ठेवून जातात.

शेटच्या काडतुसाच्या पेटीवर गोळीचं वजन ग्रेनमध्ये छापलं होतं. ७१ ग्रेन, म्हणजे ४.६ ग्रॅम. शेटनी डोळे मिटून लगेच भाव केल्यासारखं सांगितलं, "अडतीस गुंजा." ही अडतीस गुंजांची गोळी छोट्या नळीतून सेकंदाला साधारण २७० मीटर वेगाने निघते. पिस्तूल ६०० ग्रॅमचं धरलं, तर ते सेकंदाला दोन मीटरच्या वेगाने हातावर येतं. गोळीच्या पाठोपाठ जळलेल्या दारूचा वायू तिच्यापेक्षाही जोरात बाहेर पडतो, त्याचाही थोडा वाटा धक्क्यात असतो. सगळं मिळून हाताला मुरवावी लागणारी ऊर्जा होते दीड ज्यूलच्या आसपास.

दीड ज्यूल ऐकून कुणाला काही कळत नाही. म्हणून मी स्वयंपाकघरातून सोललेला नारळ आणला, अर्ध्या किलोचा. टेबलावरच्या फूटपट्टीशी ३० सेंटिमीटरवर धरला आणि शेटना म्हटलं, खाली तळवा ठेवा. नारळ पडला. "हां," शेट तळवा चोळत म्हणाले, "हाच." मग तोच नारळ सहा-सात सेंटिमीटरवरून सोडला. हा बावीस बोअरच्या काडतुसाचा धक्का, सव्वा किलोच्या जवळ जाणाऱ्या स्पर्धेच्या पिस्तुलातून. शेट हसले.

ह्या दोन नारळांमध्ये काडतुसाचा हात जेवढा, तेवढाच पिस्तुलाच्या वजनाचा. रेटा तोच ठेवून हत्यार निम्म्या वजनाचं केलं, तर मागे येण्याचा वेग दुप्पट होतो आणि धक्क्याची ऊर्जाही दुप्पट. कानपूरच्या सरकारी कारखान्याने २०१४मध्ये 'निर्भीक' नावाचं रिव्हॉल्व्हर काढलं, स्त्रियांना पर्समध्ये नेता यावं म्हणून अवघ्या अर्ध्या किलोचं. बाळगायला सोयीचं, पण झाडताना हाताला तेच महाग पडणार, हे न्यूटनच्या हिशेबातून सुटत नाही. खिशात मावणारं प्रत्येक हत्यार सरावाला वाईट असतं, असं माझं मत आहे. मूठ आखूड असते, करंगळीला जागा मिळत नाही, आणि दोन मीटरचा तो वेग तळव्याच्या चार बोटांएवढ्या जागेवर येऊन आदळतो.

स्पर्धेच्या जगात मऊ काडतुसाचा शोध जुना आहे. ऑलिंपिकमधल्या २५ मीटर रॅपिड फायर प्रकारात २००४पर्यंत बावीस शॉर्ट नावाचं काडतूस चालायचं. गोळी जेमतेम १.९ ग्रॅमची. चार सेकंदांत पाच लक्ष्यांवर पाच गोळ्या मारायच्या, तर पिस्तूल हललेलं परवडत नाही, म्हणून हा बुटका प्रकार. हे काडतूस मूळचं १८५७चं, म्हणजे आपल्याकडे बंड पेटलं त्या सालचं. पुढे नियम बदलले आणि सगळे नेहमीच्या लांब बावीसवर आले. विजय कुमारचं २०१२चं लंडनचं रौप्य आणि आपल्या कोल्हापूरच्या राही सरनोबतचं २०१८च्या एशियाडमधलं सुवर्ण, दोन्ही ह्याच काडतुसावरची.

सेंटर फायर नावाच्या दुसऱ्या स्पर्धाप्रकारातलं काडतूस तर हिशेबाच्या दृष्टीने फारच मजेदार. तिथे बत्तीसचं रिव्हॉल्व्हरवालं लांब काडतूस वापरतात, वॉडकटर गोळीचं. गोळीला टोक नसतं, पुढून ती सपाट असते, त्यामुळे कागदावर फाटलेलं भोक न पडता पंचिंग मशिनने पाडावं तसं गोल छिद्र पडतं आणि गुण मोजताना वाद होत नाही. ही गोळी ६.३५ ग्रॅमची, वेग सेकंदाला २१५ मीटरच्या आसपास. आता गुणाकार करून बघा. शेटच्या गोळीपेक्षा हिची ऊर्जा कमी, पण संवेग जास्त! म्हणजे रेटा जास्त. तरीही नेमबाज तिला मऊ म्हणतात, कारण ती किलोच्या वर वजनाच्या, हाताच्या मापाने कोरलेल्या लाकडी मुठीच्या पिस्तुलातून सुटते. पेटीवर लिहिलेल्या ऊर्जेवरून काडतूस मऊ की कडक हे ठरवू नये, ते ह्यासाठी.

शेटना लगेच तेच हवं झालं. नाही चालणार. बत्तीस बोअर हे एक आडनाव आहे आणि त्या घरात दोन भाऊ राहतात. पिस्तुलाचं काडतूस आखूड, रिव्हॉल्व्हरचं लांब, आणि आतला दाबही वेगळा. एकाचं दुसऱ्यात घालायचं नाही, बसलं तरी.

पिस्तुलाच्या बाबतीत खरी अडचण पुढेच आहे. शेटचं पिस्तूल ब्लोबॅक पद्धतीचं. ह्यात नळीचं मागचं तोंड कुलपाने बंद नसतं. स्लाइडचं, म्हणजे पिस्तुलाच्या वरच्या सरकत्या भागाचं वजन आणि स्प्रिंगचा ताण, एवढ्यावर ते दाबून धरलेलं असतं. गोळी सुटली की रिकामी पुंगळी स्लाइडला मागे ढकलते. स्लाइड मागे जाते, पुंगळी बाहेर फेकते, येताना मॅगझिनमधलं नवीन काडतूस उचलून आणते. हे सगळं काम फुकटात कोण करतं? धक्का. ज्याची तक्रार आहे, त्याच्याच मजुरीवर पिस्तूल चालतं. काडतूस फार मऊ केलं तर स्लाइड अर्ध्यात थकते आणि पुंगळी धुराड्यासारखी उभी अडकून बसते. तेव्हा छोट्या पिस्तुलासाठी मऊपणाला खालची मर्यादा आहे, आणि साधी तांब्याच्या कवचाची गोळी आधीच तिच्यापासून फार वर नाही. रिव्हॉल्व्हरला ही अट नाही. तिथे नळकांडं आपल्या बोटाच्या जोरावर फिरतं.

कुणीतरी शेटना सल्ला दिला होता, दारू कमी करून घरी भरून घ्या. परवान्याशिवाय काडतूस भरणं हा गुन्हा आहेच, शिवाय कमी दारूची गोळी नळीत मध्येच रुतून बसू शकते. मागून दुसरी झाडली की नळी फुटते. हा विषय मी तिथेच संपवला.

मग मी त्यांना एक आकडा सांगितला, ज्यावर त्यांचा अजून पुरता विश्वास बसलेला नाही. गोळी आठ-नऊ सेंटिमीटरची नळी पार करते तेवढ्या वेळात ६०० ग्रॅमचं पिस्तूल मागे किती सरकतं? गोळी पिस्तुलाच्या १३०व्या हिश्श्याची, म्हणून सरकणंही नळीच्या लांबीच्या १३०व्या हिश्श्याएवढं. पाऊण मिलिमीटरसुद्धा नाही. वेळ लागतो एका सेकंदाच्या हजाराव्या भागाहून कमी. आपला मेंदू धक्का ओळखून हात हलवायला त्याच्या दोनशेपट तरी वेळ घेतो. तळव्याला धक्का जाणवतो तेव्हा गोळी कधीच निघून गेलेली असते. मग नेम का चुकतो?

हे मला स्वतःला कळलं ते फजितीतून. रेंजवर प्रशिक्षकांनी माझं मॅगझिन भरून दिलं, मध्ये कुठेतरी एक डमी, म्हणजे न उडणारं खोटं काडतूस घालून. कितवं ते सांगितलं नाही. पहिल्या दोन गोळ्या ठीक गेल्या. तिसऱ्याला चाप ओढला आणि नुसतं 'टक्' झालं. आवाज नाही, धक्का नाही, तरी पिस्तुलाचं तोंड चांगलं दोन इंच खाली गेलं. सगळ्यांदेखत. येणाऱ्या धक्क्याला मी आधीच उत्तर देत होतो, सुईसमोर दंड आखडतो तसं. माझ्या गोळ्या लक्ष्याच्या खाली का लागायच्या, ते त्या एका 'टक्'ने सांगून टाकलं. आवाजही ह्यात सामील असतो. पिस्तुलाचा आवाज कानाशी १५० डेसिबलच्या पुढे जातो, आणि दचकणारा माणूस कानाने आधी दचकतो. कानात बोळे आणि वरून मफ घातले की तेच काडतूस हाताला मऊ लागतं. खर्चही फार नाही.

एक अवांतर. शेट काडतुसं चामड्याच्या पाकिटात ठेवत होते. जून ते सप्टेंबर आपल्याकडे लोणच्याच्या बरणीलाही घाम येतो. चामड्यातली आम्लं आणि ती ओल मिळून पितळेवर हिरवा गंज चढला होता. दोन काडतुसं तर पितळी समईसारखी कळकली होती. ती बाजूला काढायला लावली, बाकीची कोरड्या डब्यात गेली.

शेवटी शेटनी घेतलं ते काडतूस नव्हतंच. ४.५ मिलिमीटरचं एअर पिस्तूल. छर्रा अर्ध्या ग्रॅमचा, वेग सेकंदाला १५० मीटर, रेटा शेटच्या गोळीच्या साधारण सोळाव्या हिश्श्याएवढा. आमच्या नारळाच्या मापात सांगायचं तर नारळ एक मिलिमीटरही उचलायला नको. ऊर्जा सहा ज्यूल, आणि २०च्या आतल्या अशा हत्याराला २०१६च्या नियमांनुसार परवाना लागत नाही. रोज संध्याकाळी दुकान बंद केल्यावर मागच्या लांब पडवीत कागद लावून तीस छर्रे. महिन्यातून एकदा रेंजवर खरं पिस्तूल, फक्त दहा गोळ्या, त्यात दोन डमी, आणि त्या कुठे घालायच्या ते ठरवतात वहिनी.

परवा निवडणुकीची आचारसंहिता लागली आणि नेहमीप्रमाणे परवान्याचं पिस्तूल पोलीस ठाण्यात जमा करावं लागलं. मी विचारलं, आता सराव बंद?

"पडवी कोण जमा करून घेणार, मास्तर?" शेट म्हणाले आणि वहिनींकडे वळून छर्‍यांची डबी मागितली.