ट्यूब आणि लाइफ जॅकेट: वॉटर पार्कला निघण्याआधी

मे महिना लागला की कोल्हापुरात महाद्वार रोडला, लक्ष्मीपुरीत, राजारामपुरीत दुकानांच्या दारात रंगीबेरंगी ट्यूबा लटकायला लागतात. बदक, डॉल्फिन, कलिंगडाची फोड. पोरानं बोट दाखवलं की आईबाबा घेऊन टाकतात, कारण रविवारी सगळ्यांनी वॉटर पार्कला जायचं ठरलेलं असतं आणि पोराला पोहायला येत नसतं. काहीतरी बरोबर असलेलं बरं, एवढाच विचार त्यामागं असतो.

गोंधळ इथंच होतो. ट्यूब आणि लाइफ जॅकेट दोन्ही पाण्यावर तरंगतात, दोन्ही अंगात घालायची असतात, दोन्ही लहान मापात मिळतात. त्यामुळं एक असलं की दुसरं नको, असं घरोघरी धरून चालतात. पण ट्यूब फक्त शरीराचा काही भाग वर धरते. लाइफ जॅकेट बनवलेलं असतं ते नाकतोंड पाण्याबाहेर ठेवायला. बुडणाऱ्याची कंबर वर आहे की खाली, याला काही अर्थ नसतो. नाकतोंड बाहेर आहे का, एवढंच बघायचं असतं.

पाण्यात माणसाचं वजन फार कमी भरतं. बहुतेक मोठ्या माणसांना डोकं पाण्यावर ठेवायला वरून साधारण ३ ते साडेपाच किलोचा आधार मिळाला तरी पुरतो. एवढी उचल तर दुकानातली ट्यूबही देते, काही वेळा त्याहून जास्तच देते. म्हणजे ताकदीत ट्यूब कमी पडत नाही. ती उचल शरीराला कुठं लागते, यावर सगळं ठरतं.

आपल्याकडं विहिरीत, पंचगंगेच्या घाटावर पोरांना पोहायला शिकवताना पाठीला डबा बांधायची जुनी पद्धत आहे, त्याआधी वाळलेला भोपळा असायचा. पाठीवर डबा असला की पोरगं आपोआप पोटावर येतं, पाय मागं जातात, हात मारायला मोकळे राहतात. पोहायला शिकण्यासाठी ही ठेवण उत्तम, कारण शिकणारा जागा असतो, मान वर काढतो, आणि शिकवणाऱ्याचा हात हनुवटीखाली असतो. पण तेच पोरगं पाणी पिऊन गळाठलं तर डबा त्याला बुडू देणार नाही, आणि तोंड मात्र पाण्यातच ठेवील. लाइफ जॅकेटमध्ये फोम जास्त असतो तो छातीवर, आणि चांगल्या जॅकेटला मानेमागंही. त्यामुळं दमलेलं शरीर पाठीवर रेलतं आणि तोंड आकाशाकडं होतं. डबा पोहायला लावतो, जॅकेट श्वास घेऊ देतं.

ट्यूब या दोन्हींत बसत नाही. ती कमरेला असते. दोन-तीन वर्षांच्या मुलाचं डोकं त्याच्या शरीराच्या मानानं मोठं आणि जड असतं. ट्यूबच्या वर डोकं, छाती, हात, आणि खाली दोन हलके पाय. बाजूनं कुणी धडकलं, लाट आली किंवा मूल खेळणं उचलायला वाकलं, की ते सगळंच्या सगळं उलटं होतं. मोठ्या मुलांचं वेगळं. ती हात वर करून ओरडतात, नाचतात, आणि तेवढ्यात ट्यूबमधून खाली निसटतात. वर नुसती रिकामी ट्यूब तरंगत राहते. सगळ्यात वाईट प्रकार म्हणजे पाय घालायला दोन भोकं असलेली बसायची ट्यूब. दिसायला ती सगळ्यात सुरक्षित वाटते, पण उलटली की पाय भोकांत अडकतात आणि मुलाला स्वतःहून सुटता येत नाही. दंडात घालायच्या फुग्यांवरही माझा भरवसा नाही. ओल्या हातावरून ते सरकतात, आणि एकच सुटला तर मूल दुसऱ्या बाजूला लवंडतं. शिवाय या सगळ्या वस्तू हवेवर चालतात. एक टाचणी लागली किंवा झाकण नीट बसलं नाही, की आधार संपला. अशा बहुतेक ट्यूबांवर हे जीवरक्षक साधन नाही असं छापलेलं असतं, पण बारीक अक्षरात आणि इंग्रजीत.

मग ट्यूब घ्यायचीच नाही का? घ्या की. तिची जागा ठाऊक असली म्हणजे झालं. ट्यूब हे पाण्यातलं वाहन आहे आणि जॅकेट हे हेल्मेट. एकावर बसायचं, दुसरं घालायचं. लेझी रिव्हरमध्ये, म्हणजे पार्कमधल्या संथ वाहत्या पाण्याच्या कालव्यात, पार्कच्या मोठ्या जाड ट्यूबा असतात. त्यात बसून संथ वाहत जाणं हे ट्यूबचं खरं काम, आणि आज्जी-आजोबांपासून सगळ्यांना जमणारी वॉटर पार्कमधली हीच सगळ्यात गोड जागा. फक्त ज्या मुलाचे पाय तळाला टेकत नाहीत, त्याला आधी जॅकेट घालून मग मोठ्या माणसाबरोबर दोघांच्या ट्यूबमध्ये बसवायचं.

वेव्ह पूलमध्ये मात्र घरची ट्यूब नेऊच नये. बऱ्याच वेव्ह पूलमध्ये खोल बाजूच्या भिंतीमागं हवेच्या कोठ्या असतात. पंख्यानं त्यात हवा दाबली-सोडली की पाणी ढकललं जातं आणि लाटा उथळ बाजूकडं येतात. भोंगा वाजला की सगळी गर्दी एकदम आत धावते. लाट जिथं फुटते तिथं धक्का जोरात बसतो आणि माघारी जाणारं पाणी पाय ओढतं. कमरेला ट्यूब असलेलं मूल तिथं एक तर उलटतं, नाही तर ट्यूबसकट खोल बाजूला सरकत जातं, कारण त्याचे पाय जमिनीला लागतच नाहीत. पोहायला न येणाऱ्या मुलानं जॅकेट घालून, मोठ्या माणसाचा हात धरून, पाणी गुडघ्याच्या खाली असेल तिथंच थांबावं. लाटांची मजा तिथंही पुरेपूर येते.

स्लाइडचं गणित वेगळं असतं. अनेक स्लाइडवर जॅकेट काढून ठेवायला सांगतात, कारण बकल घासतं आणि पट्टा अडकतो. म्हणजे दिवसभर जॅकेट घातलेलं मूल नेमकं वेगानं पाण्यात पडतं तेव्हाच जॅकेटशिवाय असतं. यावर उपाय एकच. घरातलं एक मोठं माणूस आधी खाली येऊन कुंडाच्या काठाला उभं राहील, मग दुसऱ्यानं मुलाला वरून सोडायचं. उंचीची अट असते तिथं पायाचे चवडे उंचावून मुलाला पुढं घुसवू नये. ती अट अंगाच्या मापावर आणि पाण्याच्या खोलीवर ठरलेली असते.

आता जॅकेट निवडायचं कसं, यावर जरा सविस्तर लिहिते, कारण नुसतं अंगात अडकवलेलं जॅकेट म्हणजे खोटा धीर. पार्कच्या खिडकीवर जॅकेटांचा ढीग असतो आणि साडेअकराला गर्दी झाली की लहान मापं संपतात. म्हणून दार उघडायच्या वेळीच पोहोचायचं आणि आधी जॅकेटं घ्यायची, मग लॉकर. जॅकेट वयावर निवडू नये, वजनावर निवडावं. आतल्या पट्टीवर किलोचा आकडा असतो, तो बघायचा. सगळी बकलं लावून, पट्टे ओढून झाले की मुलाला हात वर करायला सांगायचं आणि खांद्याजवळ जॅकेट धरून वर उचलून बघायचं. ते हनुवटीवर, कानापर्यंत चढलं तर मोठं होतंय, पाण्यात मूल त्यातून खाली जाईल. लहानग्यांच्या जॅकेटला पायांमधून येणारा पट्टा असावा, आणि असला तर तो लावावा. बऱ्याच जणी मूल कुरकुरतं म्हणून तोच सोडून देतात. जॅकेट वर सरकू न देणारा पट्टा तोच. तुटलेलं बकल दोरीनं बांधून दिलं तर सरळ परत करून दुसरं मागायचं, त्यात संकोच नको. हातात घेतल्यावर जॅकेट ओलं-जड लागलं आणि दाबल्यावर पाणी गळतच राहिलं, तर आतला फोम पाणी प्यायलाय असं समजावं.

विकत घेणार असाल तर त्यावर न्यूटनचा आकडा शोधा. ५० न्यूटन म्हणजे साधारण ५ किलोची उचल. ५० चं जॅकेट पोहता येणाऱ्यासाठी आणि मदत जवळ असलेल्या ठिकाणासाठी असतं, ते बेशुद्ध माणसाला उताणं करीलच असं नाही. १०० आणि त्याहून वरची जॅकेटं शांत पाण्यात तोंड वर फिरवायच्या हिशेबानं केलेली असतात. दुकानात याच्या शेजारीच पोहायला शिकायचं फोमचं बनियन टांगलेलं असतं. दिसायला जॅकेटच, पण ते शिकायचं साधन, डब्याच्या जातीतलं. ज्यावर ना न्यूटनचा आकडा ना वजनाचा, त्याला जॅकेट समजू नये.

पोहायला येणाऱ्या पोरांच्या घरी हे सगळं ऐकून घ्यायला कुणी तयार नसतं. वीरधवल खाडेसारखा २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये उतरलेला जलतरणपटू दिलेलं हे शहर, पोहण्याचा अभिमान असणारच. पण टँकमध्ये आपापल्या रेषेत पोहणं वेगळं आणि डोक्यावर कुणीतरी स्लाइडवरून येऊन पडतंय अशा गर्दीत पोहणं वेगळं. आठ-दहा वर्षांच्या चांगल्या पोहणाऱ्या पोरालाही खोल बाजूला मोठ्यांची सोबत हवीच.

आणि जॅकेट असलं तरी राखण लागतेच. बुडणारं माणूस हाका मारत, हात हलवत बुडतं असं आपल्याला वाटतं. फ्रँक पिया या अमेरिकन जीवरक्षकानं प्रत्यक्ष पाहून लिहून ठेवलंय ते याच्या उलट आहे. तोंड पाण्याखाली-वर होत असतं, श्वासच पुरत नाही तर ओरडणार कुठून? हात आपोआप बाजूला पाणी दाबत राहतात, वर येत नाहीत. हे सगळं २० ते ६० सेकंदांत आटोपतं. मोठ्या गोतावळ्यात धोका जास्त असतो, कारण काकांना वाटतं मामी बघतेय, मामीला वाटतं त्याची आई बघतेय. म्हणून पंधरा-वीस मिनिटांच्या पाळ्या लावा. ज्याची पाळी त्याच्याकडं फोन नाही, गप्पा नाहीत, नजर फक्त पोरांवर. लहान मूल हात लांब केला की पोहोचेल एवढ्याच अंतरावर हवं. जेवणानंतर मोठ्यांना झापड येते. ती पाळी न पेंगणाऱ्या माणसाकडं द्यावी, किंवा त्या तासभर लहानांना पाण्याबाहेरच ठेवावं.

थीम असलेल्या पार्कात नजरेचा प्रश्न आणखी वाढतो. खोटे किल्ले, जहाजं, गुहा, वरून उपडी होणारी भली मोठी बादली, या सगळ्यांमागं मूल क्षणात दिसेनासं होतं. खोपोलीजवळचं इमॅजिकाचं वॉटर पार्क ग्रीसमधल्या मायकोनॉस बेटाच्या धर्तीवर पांढऱ्या-निळ्या रंगात आहे, आणि बहुतेक पार्कांत कुंडांचा तळ निळाच असतो. त्यावर निळा किंवा पांढरा पोहण्याचा ड्रेस पाण्याखाली विरघळून जातो. पोरांसाठी भडक केशरी किंवा गडद गुलाबी नायलॉनचा ड्रेस घ्या. पुण्याच्या पुढं इतक्या लांब जाणार असाल तर आणखी एक सांगते: तिथं कोरड्या राइडचं थीम पार्क आणि वॉटर पार्क वेगवेगळी आहेत. कोल्हापुरातून रात्री निघून दोन्ही एका दिवसात उरकायचा अट्टहास केला, तर रात्रभर जागलेली मोठी माणसं पोरांची राखण करणार. त्यापेक्षा जवळचं पार्क बरं, नाही तर मुक्काम तरी करा.

घरातल्या बायकांसाठीही जॅकेटचा विचार करावा. साडी किंवा ओढणी पाण्यात जड होते, पायात अडकते, आणि बहुतेक पार्कांत ती चालतही नाही. नायलॉनचा सैल ड्रेस घालून वरून जॅकेट बांधलं की आत्या, मावशी, आज्जी यांनाही काठावर पिशव्या सांभाळत दिवस काढावा लागत नाही. पाण्याची भीती असलेल्या बायकांना जॅकेट मिळालं की त्या किती खुलतात, ते बघण्यासारखं असतं.

पार्कमध्ये निदान जीवरक्षक असतात, तळ ठाऊक असतो. तीच ट्यूब पुढं पावसाळ्यात राऊतवाडीच्या धबधब्याला, नरसोबावाडीला किंवा पंचगंगेच्या घाटावर गाडीतून जाते, तेव्हा पोटात गोळा येतो. वाहत्या पाण्यात ट्यूब प्रवाहाबरोबर जाते आणि तिच्यावरच्याला काठाला आणता येत नाही. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात चिखली-आंबेवाडीकडच्या लोकांना बोटीतून काढताना अंगावर केशरी जॅकेटं चढवलेली आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. तिथं कुणी ट्यूब वाटल्या नाहीत. बोटिंगला बसल्यावर जॅकेट नुसतं खांद्यावर टाकून फोटो काढायची सवयही सोडायला हवी. बकल न लावलेलं जॅकेट पाण्यात पडताच अंगावरून निघून जातं.

परत निघताना ट्यूबमधली हवा तिथंच काढून घ्या, म्हणजे गाडी थांबेल तिथल्या पाण्यात ती पुन्हा उतरणार नाही. जॅकेट स्वतःचं असेल तर घरी आल्यावर साध्या पाण्यानं धुवून सावलीत वाळवा. त्यावर बसू नका, डिकीत सामानाखाली दाबून ठेवू नका, फोम चेपला की उचल कमी होते. आणि पुढच्या उन्हाळ्यात पोराचं वजन करून मगच ते परत अंगाला लावून बघा.