संध्याकाळची घालमेल आणि सेकंदाला तीन सेंटीमीटर

डिमेन्शियाचा, म्हणजे स्मृतिभ्रंशाचा, पेशंट घरात असला की दिवेलागणीची वेळ कशी जाते ते त्या घरालाच माहीत. दुपारपर्यंत बरी असलेली आज्जी साडेपाचनंतर पदर पिळायला लागते, दाराची कडी काढते, मला खानापूरला घरी जायचंय म्हणते, आणि बेळगावात टिळकवाडीतल्या ज्या घरात निम्मं आयुष्य काढलं त्याच घरात उभी राहून म्हणते, मग कुणीतरी अगं हेच तुझं घर की म्हणून समजावतं, ती आणखी भडकते आणि जेवणाची वेळ होईपर्यंत सगळे दमलेले असतात. डॉक्टर लोक याला सनडाउनिंग म्हणतात. भारतात साठीच्या पुढच्या माणसांपैकी साधारण ७.४ टक्के लोकांना डिमेन्शिया आहे असा अंदाज आहे, म्हणजे जवळपास ८८ लाख, तेव्हा हे दोन-चार घरांचं दुखणं नव्हे.

यावर शांत करणाऱ्या गोळ्या आहेत, कधीकधी त्या लागतातही. पण अमेरिकेच्या औषध नियामक खात्याने २००५ मध्येच इशारा दिला होता की डिमेन्शिया असलेल्या म्हाताऱ्या लोकांना ही अँटिसायकोटिक औषधं दिली तर मृत्यूचा धोका वाढतो, म्हणून गोळीच्या आधी दुसरं काही करता येतं का हे जगभर बघितलं जातं, आणि त्या यादीत मालिश बऱ्यापैकी वर आहे.

एक गोष्ट आधीच सांगतो. मालिशने स्मरणशक्ती परत येत नाही. डोक्याला अमुक तेल चोळलं की विसरभोळेपणा जातो अशा जाहिराती मोबाईलवर रोज येतात, त्यांच्या नादाला लागू नका. अल्झायमरमध्ये, म्हणजे डिमेन्शियाच्या सगळ्यात नेहमीच्या प्रकारात, मेंदूच्या पेशी मरत जातात आणि त्या बाहेरून चोळून जिवंत होत नाहीत. मालिशचा उपयोग आहे तो घालमेलीवर.

तो का व्हावा, हे समजायला कातडीकडे बघायला लागतं. आपल्याला कशाचा स्पर्श झाला, कुठे झाला हे सांगणाऱ्या नसा फास्ट असतात, सेकंदाला पन्नास-साठ मीटर वेगाने निरोप नेतात. पण केसाळ कातडीत, म्हणजे हाताच्या पाठीवर, मनगटापासून कोपरापर्यंत, पाठीवर, आणखी एका जातीच्या नसा आहेत ज्या सेकंदाला जेमतेम एक मीटर जातात. सी-टॅक्टाइल नसा त्यांचं नाव. त्यांना टोचणं-बोचणं कळत नाही, त्या खूश होतात हळू फिरणाऱ्या कोमट हाताने, सेकंदाला एक ते दहा सेंटीमीटर, आणि सगळ्यात जास्त साधारण तीन सेंटीमीटरला. २००२ मध्ये स्वीडनच्या संशोधकांनी एका बाईला तपासलं जिच्या फास्ट नसा आजाराने गेल्या होत्या, तिला साधा स्पर्श कळत नव्हता, पण मऊ ब्रश हळू फिरवला की कुठेतरी काहीतरी छान वाटतंय एवढं तिला कळायचं, आणि मेंदूचा इन्सुला नावाचा भाग, जिथे शरीराला आतून कसं वाटतंय याचा हिशोब होतो, तो जागा व्हायचा.

अल्झायमर सुरुवातीला धाड घालतो ती हिप्पोकॅम्पसवर, म्हणजे नव्या आठवणी जिथे तयार होतात तिथे. स्पर्शाची जाणीव घेणारा मेंदूचा पट्टा त्या मानाने पुष्कळ उशिरापर्यंत शाबूत राहतो. म्हणून नातवाचं नाव गेलं तरी नातवाचा हात अंगावरून फिरलेला कळतो. मालिशचा गुण नेमका याच नसांमुळे येतो असं अजून सिद्ध झालेलं नाही, पण वेगाचं गणित लक्षात ठेवायला चांगलं आहे: मनगट ते कोपर पंचवीस सेंटीमीटर धरा, तर एक फेरी पूर्ण व्हायला आठ सेकंद. करून बघा, वाटतं त्यापेक्षा खूपच हळू असतं ते. गंमत म्हणजे आईबाप तान्ह्या बाळाला कुरवाळतात तेव्हा कुणी न शिकवता याच वेगाच्या आसपास कुरवाळतात, हेही मोजून झालंय.

आता पुरावा किती? कोक्रेन ही संस्था एका विषयावरचे सगळे अभ्यास गोळा करून तपासते, तिचा २००६ चा आढावा होता त्यात अठरा अभ्यास सापडले आणि त्यातले फक्त दोन भरवशाचे निघाले, त्या दोनातून एवढंच कळलं की हाताच्या मालिशने बेचैनी थोड्या वेळापुरती कमी होते, आणि जेव म्हणून सांगताना हात लावून सांगितलं तर माणूस जास्त जेवतो. (हे दुसरं मला जास्त आवडलं, खर्च शून्य.) २०१९ मध्ये १६३ अभ्यास एकत्र करून बघितले, २३ हजारांवर पेशंट, तेव्हा चिडचिड आणि मारहाणीवर मालिश आणि स्पर्श नेहमीच्या देखभालीपेक्षा सरस ठरले. २००२ च्या एका अमेरिकन प्रयोगात नर्सिंग होममधल्या ६८ जणांवर दहा मिनिटं हाताची मालिश किंवा शांत संगीत किंवा दोन्ही करून बघितलं, असर तासभर टिकला, दोन्ही एकत्र केल्याचा जादा फायदा मात्र दिसला नाही. अशा प्रयोगात एक अडचण कायम राहते, गुण हाताचा की कुणीतरी दहा मिनिटं फक्त आपल्याजवळ बसलं याचा, हे वेगळं काढता येत नाही. घरच्यांना त्याने काय फरक पडतो म्हणा.

पण तेलाची वाटी घेण्याआधी दुखतंय का ते बघा. हे सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळ्यात जास्त राहून जाणारं. डिमेन्शियाच्या माणसाला गुडघा ठणकतोय, पोट साफ नाही, लघवीला जळजळतंय हे सांगता येत नाही, तो ओरडतो, ढकलतो, आणि आपण म्हणतो आजार वाढला. नॉर्वेत २०११ मध्ये ३५२ जणांच्या प्रयोगात निम्म्यांवर पद्धतशीर वेदनेचा इलाज केला, त्यातल्या बहुतेकांना साधं पॅरासिटामॉल, तर आठ आठवड्यांत त्यांची बेचैनी १७ टक्क्यांनी उतरली.

आपल्याकडे मालिश म्हटलं की दोन नमुने डोळ्यासमोर येतात, एक आनंदवाडीच्या आखाड्यातल्या पैलवानाची, आणि दुसरी बाळाला न्हाऊमाखू घालणाऱ्या बाईची. इथे पहिली साफ बाद. म्हाताऱ्या माणसाची कातडी पातळ असते, ओढली की फाटते, आणि हार्टसाठी रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर नुसत्या दाबाने काळंनिळं होतं. हाडं ठिसूळ असतात ते वेगळंच. एकच पोटरी सुजलेली, गरम वाटत असेल तर अजिबात चोळू नका, शिरेत गुठळी असू शकते, आधी डॉक्टर. शुगरवाल्यांच्या पायाला चटका कळत नाही, म्हणून तेल गरम नको, कोमट, आणि आधी आपल्या मनगटावर बघून. खोबरेल असो नाहीतर तिळाचं, फरक नाही, महागाचं लव्हेंडर घ्यायची गरज नाही कारण वासाच्या तेलांचे निकाल उलटसुलट आहेत.

आणि आपल्या घरांतला संकोच. सून सासऱ्यांच्या पाठीला हात लावणार नाही, सासरेही लावू देणार नाहीत, मग नुसता पंजा आणि मनगटापासून कोपरापर्यंत करा की, बरेच प्रयोग हाताच्या मालिशवरच झालेत. नातवाला पाय चेपायला सांगायची सवय तर आपल्याकडे आहेच, फक्त चेपू नको, हळू हात फिरव म्हणायचं. बेळगावात आणखी एक भानगड होते. सांभाळायला ठेवलेली बाई बैलहोंगल-गोकाककडची, कन्नडच बोलणारी, आणि अण्णांनी जन्मभर ऑफिसात कन्नड बोललेलं पण नंतर शिकलेली भाषा बऱ्याचदा आधी जाते, मग ती कुळितुकोळ्ळी, म्हणजे बसा, म्हणते आणि अण्णा घाबरून उभेच राहतात. तिला हे हात फिरवणं शिकवून ठेवलं तर दोघांचं बरंच सोपं होतं.

समोरून जा, नाव घ्या, आधी आपला हात पुढे करा आणि त्यांनी धरला तरच सुरू करा. मूठ आवळली, जबडा घट्ट झाला, हात मागे ओढला की थांबायचं, गोडीगुलाबीने पुढे रेटायचं नाही, काही लोकांना जन्मभर कुणी अंगाला हात लावलेला आवडलेलाच नसतो. वेळ साडेचार-पाचची धरा, घालमेल सुरू व्हायच्या आधीची. कॅलेंडरवर रोज संध्याकाळ कशी गेली ते एका शब्दात लिहीत जा, आणि पंधरवड्यात काहीच फरक दिसला नाही तर सोडून द्या आणि तेच कॅलेंडर घेऊन डॉक्टरांकडे जा, त्यांना गोळीचा डोस ठरवायला उपयोगी पडेल.