बधिर ओठाचा हिशेब

भाचीचा खालचा जबडा पुढे होता. दातावर दात बसत नसे, पेरूचा घास पुढच्या दातांनी तुटत नसे. दीड वर्ष दातांना तारा लावून झाल्यावर ऑपरेशन ठरलं आणि घरातले फोन खणखणू लागले. सगळ्यांची धास्ती एकच: "त्यात शीर तुटते म्हणे. पोरीचं तोंड वाकडं झालं तर?"

आपल्या ‘शीर’ या शब्दानं फार घोटाळा करून ठेवलाय. रक्त काढतात ती शीर, पोटरीत गोळा आला की शिरेवर शीर चढते आणि कंबरेत दबते तीही शीर. पहिली रक्तवाहिनी, दुसरा स्नायू, तिसरी नस. नसांतही दोन जाती: हुकूम नेणाऱ्या आणि खबर आणणाऱ्या. चेहरा हलवणारी सातवी नस कानाजवळून बाहेर पडते; या ऑपरेशनमध्ये तिला इजा होणं फार दुर्मीळ. खालच्या जबड्याच्या हाडातून जाते ती पाचव्या नसेची फांदी. हाडात शिरल्यानंतर तिच्याकडे खबर आणण्याचंच काम उरतं: खालचे दात, खालचा ओठ, हनुवटी. खालची दाढ काढताना डेंटिस्ट इंजेक्शन देऊन गप्प करतात ती हीच. ओठ बटाटेवड्याएवढा सुजलाय असं वाटतं, आरशात बघावं तर जसाच्या तसा.

ट्राउनर आणि ओब्वेगेझर या सर्जननी १९५७ साली इंग्रजीतून मांडलेली पद्धत सुधारणा होत होत आजही वापरात आहे. तीत दाढांच्या मागे जबड्याचं हाड उभं चिरतात, सरपणाच्या लाकडाची फळी काढावी तसं. गालाकडची फळी सांध्याबरोबर जागेवर राहते, जिभेकडची दातांसकट पुढे-मागे सरकवून पट्ट्या-स्क्रूंनी बसवतात. गंमत अशी की नसेची नळी नेमकी या दोन फळ्यांच्या मध्ये. नस आतल्या फळीबरोबर राहायला हवी. कधी ती बाहेरच्या फळीला चिकटलेली असते, मग सोडवून घ्यावी लागते. ती ताणली जाते, दबते, क्वचित तुटते. त्यामुळे ऑपरेशननंतर ओठ बधिर असणं हा अपवाद नव्हे, जवळपास नियमच.

पुढे काय होणार हे नक्की काय मोडलंय त्यावर ठरतं. दुसऱ्या महायुद्धातल्या जखमींच्या नसा तपासणाऱ्या सेडन यांनी १९४३ मध्ये तीन पायऱ्या सांगितल्या. पहिलीत तंतू शाबूत, फक्त वरचं मायलिनचं, म्हणजे वायरीच्या प्लास्टिकसारखं, आवरण दबलेलं. काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत खबर पुन्हा सुरू. तिसरीत नस पुरती तुटलेली. टोकं व्रणात अडकतात, शिवावी लागतात.

मधली पायरी मला सगळ्यात आवडते. आतला तंतू तुटलेला, पण भोवतीची नळी सलग. १८५० मध्ये वॉलर या शास्त्रज्ञानं बेडकाच्या जिभेच्या नसा कापून दाखवलं की पेशीपासून तुटलेला पुढचा भाग सगळाच्या सगळा झिजून जातो. मग तंतूला वेढून असणाऱ्या श्वान पेशी (नाव शास्त्रज्ञाचं, कुत्र्याशी संबंध नाही) आणि भक्षक पेशी राडारोडा उचलतात. श्वान पेशी रिकाम्या नळीत ओळीनं उभ्या राहतात आणि तुटलेल्या टोकाला फुटलेला कोंब, म्हणजे वृद्धिशंकू, त्यांना चाचपत पुढे सरकतो. वेग दिवसाला साधारण एक मिलिमीटर. इतका मंद का? हा तंतू ज्या पेशीतून निघतो ती कवटीच्या तळाशी, पाचव्या नसेच्या गँग्लियनमध्ये, म्हणजे अशा पेशींच्या गाठीत, असते. तंतूच्या आतल्या सांगाड्याची प्रथिनं, ट्यूब्युलिन वगैरे, तिथून तंतूतल्या मंद वाहतुकीनं यावी लागतात आणि तिची चालही दिवसाला मिलिमीटरांचीच. चिरेपासून ओठापर्यंत पाच सेंटिमीटर धरले तर पन्नास दिवस. पण हा कागदावरचा हिशेब. जखम ओलांडायला वेळ जातो, पोचल्यावर मायलिन चढायला आणखी. म्हणून डॉक्टर वर्षभर वाट पाहायला सांगतात. वय जास्त असेल तर उशीर होतो आणि काहींचा थोडा बधिरपणा कायमचा राहतो, हे आधीच स्पष्ट सांगायला हवं.

या वर्षात ‘शीर बसवून देणारे’ भेटतातच. हाडाच्या आतली नस बाहेरून तेल चोळून बसत नाही. बी-१२ कमी असेल तर जरूर भरून काढावं, पण गोळ्यांनी कोंब धावत सुटतो याला भक्कम पुरावा नाही.

बाकीचे धोके: रक्तस्राव, जंतुसंसर्ग, हाड भलतीकडे चिरणं, जबडा थोडा मूळ जागी सरकणं, क्वचित सांध्याचं डोकं झिजणं. वरच्या जबड्याच्या ऑपरेशनमध्ये डोळ्याखालून येणारी नस ताणली जाते आणि गाल-वरचा ओठ बधिरतो. रील्समध्ये ‘आधी’ आणि ‘नंतर’ असे दोनच फोटो असतात. मधले महिने कोणी दाखवत नाही.

भाचीच्या त्या महिन्यांत वरण हनुवटीवरून ओघळायचं आणि तिला पत्ता नसायचा. ताटाशेजारी छोटा आरसा असे. चहानं ओठ एकदा भाजला, तेही फोड आल्यावर कळलं. चौथ्या महिन्यात मुंग्या सुरू झाल्या, ती घाबरली. मी मात्र खूश झालो: खबर पुन्हा येऊ लागल्याची ती खूण. परवा डोळे मिटायला लावून कापसाचा बोळा तिच्या ओठाच्या डाव्या कोपऱ्यावर टेकवला.

"मामा, हनुवटीवर लावलास ना?"

कोंब पोचला होता, फक्त शेजारच्या घरात शिरला होता.