उत्तरचाचणीत मार्क वाढतातच!

वाळवा तालुक्यातल्या एका मुख्याध्यापकांनी परवा कृतिसंशोधनाची फाइल माझ्यापुढे ठेवली. स्पायरल बाइंडिंग, वर शाळेचा रंगीत फोटो. सहावीतली भागाकारात सगळ्यात कच्ची दहा मुलं निवडून महिनाभर जादा तास घेतले होते. पूर्वचाचणीत २० पैकी सरासरी ५, उत्तरचाचणीत ९. निष्कर्ष : उपाययोजना यशस्वी.

"सर, जादा तास घेतलेच नसते तर किती आले असते?" मी विचारलं. सरांनी चहा मागवला.

कृतिसंशोधन बी.एड.ला सगळ्यांनीच गिरवलेलं असतं. १९४६ मध्ये कर्ट लेविन या मानसशास्त्रज्ञाने ही कल्पना मांडली, १९५३ मध्ये स्टीफन कोरी यांनी ती शाळांसाठी पुस्तकरूपात आणली. आपली अडचण आपणच शोधायची, उपाय करायचा, मोजायचं. घोडं अडतं ते मोजण्यात.

वर्गातल्या ४० मुलांना प्रत्येकी दहादा नाणं उडवायला सांगा. छापा आला की एक मार्क. सगळ्यात कमी मार्कांची आठ मुलं बाजूला काढा, त्यांची सरासरी तीनच्या आसपास येईल. त्यांना चमचाभर साखर द्या आणि पुन्हा नाणी उडवायला लावा. सरासरी पाचाच्या जवळ! साखरेने काही केलेलं नाही. पहिल्या खेपेला त्यांचं नशीब रुसलं होतं, म्हणून तर ती निवडली गेली. दुसऱ्यांदा रुसायला ते बांधलेलं नाही.

परीक्षेचे मार्क म्हणजे खरी तयारी अधिक त्या दिवशीचा योग : डोकं दुखणं, नेमकं न केलेलं उदाहरण येणं. तळाची मुलं निवडली की त्यांच्यात योग वाईट असलेली जास्त येतात. फ्रान्सिस गाल्टनने १८८६ मध्ये आईबाप आणि मुलांच्या उंचीत हेच सरासरीकडे परतणं दाखवलं. हिशेबही सोपा आहे. दोन चाचण्यांचा सहसंबंध, म्हणजे दोन्हींतले मार्क एकमेकांशी किती जुळतात त्याचं माप (तंतोतंत जुळले तर १), ०.७ असेल, तर सरासरीपासूनचं ३० टक्के अंतर आपोआप भरून निघतं. सरांच्या वर्गाची सरासरी १२, म्हणजे अंतर ७. त्यातले दोन मार्क फुकटचे. वाढ चारची, तासांच्या वाट्याला दोन.

भगताचा अंगारा 'लागू पडतो' तोही असाच : ताप चढून चढून टोकाला गेल्यावर माणूस त्याच्याकडे जातो. 'तीस दिवसांत गुण वाढवा' म्हणणाऱ्या अ‍ॅपवाल्यांचं वेगळं काही नाही, फक्त अंगाऱ्याला पावती मिळत नाही. हजेरीलाही असाच चकवा आहे. जतकडची कुटुंबं ऊसतोडीहून परतली की पटावरची मुलं वर्गात दिसू लागतात, आणि श्रेय जातं 'हजेरी वाढवा' उपक्रमाला.

यावर उतारा आहे आणि तो मुख्याध्यापकांच्याच हातात आहे, कारण वेळापत्रक त्यांचं. एकट्या शिक्षकाला दोन तुकड्यांची तुलना जमत नाही. मुख्याध्यापक मात्र अ तुकडीचे जादा तास आत्ता आणि ब तुकडीचे दिवाळीनंतर लावू शकतात. दोन्ही तुकड्यांतली कच्ची मुलं एकाच चाचणीने निवडायची, पुढची चाचणीही एकाच दिवशी, ब तुकडीचे जादा तास सुरू व्हायच्या आधी. ब तुकडीचे मार्क जेवढे नुसतेच वाढतील तेवढे अ तुकडीतून वजा. कोणाचेच तास बुडत नाहीत, पालकांची तक्रार नाही. उपाय फसला तरी फाइलला लावायचं. पुढच्या वर्षी तेच तास पुन्हा घेण्यात कोणाचे श्रम जायला नकोत.

सरांनी कॅलेंडर उलटून पाहिलं. "ब तुकडीचे पेपर अ-च्या बाईंनी तपासायचे," ते म्हणाले, "आणि नावाच्या जागी नुसता नंबर."